पान नऊ आणि कोरडी गोळी

मिसेस झेल्फा हॅटमेकर यांचे पत्र एल्डन क्रॅब्ट्रीच्या टेबलावर जानेवारीपासून पडून होते. पत्र लहान होते, अक्षर स्वच्छ होते, त्यामुळे वाचता आले नाही ही सबबसुद्धा एल्डनपाशी नव्हती.

"प्रिय मिस्टर क्रॅब्ट्री," पत्रात लिहिले होते, "ठासणीच्या बंदुकीवरचं तुमचं पुस्तक मी आणलं आणि त्याप्रमाणे सुरुवात केली. पान नऊवर तुम्ही म्हणता : आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, हा क्रम कोणी चुकवेल हे संभवत नाही. माझ्या घरी ते संभवलं आहे. गोळी नळीच्या तळाशी जाऊन बसली आहे आणि दारू अजून शिंगातच आहे. आता काय करायचं ते कळवावं. पान दहावर ते नाही."

पान अकरावरही ते नव्हते. एल्डनने त्याच दिवशी सगळे पुस्तक पुन्हा चाळून खात्री करून घेतली होती. पुस्तक त्याचे स्वतःचे असूनही.

टेनेसीतल्या आमच्या पायनी फोर्क गावात ठासणीच्या बंदुकांचा एक क्लब आहे. एरवी घरात सगळे काही बटण दाबून चालवणारी ही माणसे शनिवारी मात्र डोंगरातल्या माळावर जमतात आणि पणजोबांच्या पद्धतीने बैलाच्या शिंगात भरलेली दारू मापाने मोजून नळीच्या तोंडातून ओततात, चिंधी लावून गोळी बसवतात, लाकडी गजाने ती तळापर्यंत ठासतात, मागे ठिणगी पाडणारी पितळी टोपी चढवतात आणि मग कुठे एक बार काढतात. धूर निवळेपर्यंत मागच्या बाराची गोष्ट सांगून होते. क्लबचा प्रमुख डॉयल स्टिगॉल, लाकडाच्या वखारीचा मालक. नव्या लोकांना सुरुवात कशी करावी हे सांगणारे एखादे छोटे पुस्तक हवे, असे त्याच्या मनात आले, म्हणून त्याने जुन्या सभासदांना लिहायला बसवले. प्रत्येकाचे लिखाण दुसऱ्या परिच्छेदात हरणाच्या शिकारीवर गेले ते परत आले नाही. शेवटी डॉयल गावच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या एल्डनकडे आला.

एल्डनने या विषयावर मिळतील ती पुस्तके वाचली आणि त्यातून एक पातळ, नेटके पुस्तक तयार केले. ते चांगले झाले. त्याने स्वतः कधी बंदूक उडवली आहे का, हे कोणी विचारले नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे आपण होऊन उत्तर देणे एल्डनच्या स्वभावात नव्हते. विचारलेल्या प्रश्नाचेही नव्हते, हे मिसेस हॅटमेकरना एव्हाना कळले असेल.

खरे तर त्याला उत्तर माहीत होते. अडचण अशी होती की त्याला चार उत्तरे माहीत होती. एका ग्रंथकाराने टोपीखालच्या भोकातून चिमूटभर दारू सारून गोळी उडवून टाकावी असे म्हटले होते, दुसऱ्याने गजाच्या टोकाला स्क्रू लावून ती ओढून काढावी असे, तिसऱ्याने हवेच्या दाबाने, चौथ्याने ग्रीस भरून. आणि प्रत्येकाने बाकीच्या तिघांना वेड्यात काढले होते. ज्याने आयुष्यात एकही गोळी आत घातली नाही, त्याने ती बाहेर कशी काढायची हे कोणत्या तोंडाने सांगावे? एल्डन मसुदा लिही, फाडी, आणि पत्र शब्दकोशाखाली सरकवी. शब्दकोश वारंवार लागत असल्याने ते पुन्हा वर येई.

सप्टेंबरात डॉयल आला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ऐसपैस बसला.

"एल्डन, पुढच्या महिन्यात आपला मेळावा. पहिला बार यंदा तुझा."

"माझा?"

"क्लबासाठी ज्याने काही केलं त्याला पहिला बार, ही आपली रीतच आहे. गेल्या वर्षी छप्पर दुरुस्त करणाऱ्याला दिला. तू तर पुस्तक लिहिलंस."

"त्या दिवसांत माझा खांदा दुखतो," एल्डन म्हणाला.

"कुठल्या दिवसांत?"

"मेळाव्याच्या."

"येईल तो," चुलीपाशी उभी असलेली त्याची बायको लुएला म्हणाली. "खांदा माझ्यावर सोपव. मी बहिणीला कळवूनसुद्धा टाकलंय."

"कधी कळवलंस? डॉयल आत्ता तर आला!"

"मला गेल्या रविवारीच चर्चमध्ये कळलं. तुला सांगितलं असतं तर आजवर तुझे दोन्ही खांदे दुखले असते."

डॉयल गेल्यावर एल्डनने शेकोटीवर टांगलेली लुएलाच्या आजोबांची लांब बंदूक खाली काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि तो तिच्यासमोर बसून राहिला. नाही म्हणायची वेळ निघून गेली होती. आणि पहिलाच बार फसला तर सगळ्या डोंगराला कळणार होते की, ज्याच्या पुस्तकावरून लोक बंदूक शिकतात त्याने बंदूक फक्त पुस्तकात पाहिली आहे. मग शनिवारच्या त्या कॉफीच्या कोंडाळ्यात, जिथे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवू लागले होते, तिथे तो कसा जाऊन बसणार होता?

"सराव कर की मग," लुएला म्हणाली. तिला सगळे माहीत होते. "इथेच कर. फक्त दारूचा एक कण घरात आणायचा नाही. पडदे नवे आहेत."

तेव्हा एल्डनने बिनदारूचा सराव सुरू केला. पुस्तक ओट्यावर उघडून ठेवायचे. "दारू," असे मोठ्याने म्हणून रिकामे पितळी माप नळीच्या तोंडावर उपडे करायचे आणि त्यावर बोटाने टिचकी मारायची. "चिंधी. गोळी." गोळीऐवजी घेवड्याचा दाणा. "गज. टोपी." मग नेम धरायचा तो फ्रीजवर. दाणा ओतून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याचे हात इतके सराईत झाले की तो पुस्तकाकडे न बघता, लुएलाशी गप्पा मारताना, सगळे बिनचूक करू लागला. टिचकी तर अशी मारायचा की लुएलासुद्धा कौतुकाने बघत राही.

मेळाव्याच्या दिवशी माळावर निम्मा तालुका लोटला होता. मोठ्या कढईत घेवडा शिजत होता, मक्याच्या पावाच्या चळती लागल्या होत्या. समोर मातीचा उंच बांध, त्याला टेकून निशाणाच्या फळ्या, आणि बांधाशेजारच्या ओकच्या फांदीला टांगलेला पहिल्या बक्षिसाचा धुरावलेला हॅम, म्हणजे डुकराची अख्खी तंगडी. बक्षीस डोळ्यांसमोर असले की नेम चांगला लागतो, अशी डॉयलची समजूत होती.

एल्डनला वाटले होते की एकदा बार काढायचा आणि मागे जाऊन बसायचे. पण डॉयलला आयत्या वेळी सुचले.

"यंदा नवे लोक पुष्कळ आलेत," तो कर्ण्यातून ओरडला. "सगळे नवे इकडे रांगेत उभे राहा! मापं या टेबलावर मांडलीत, एकेक घ्या. पुस्तकं ठेवा खिशात. खुद्द लेखक समोर आहेत. ते करतील तसं करा, म्हणजे जन्मभर विसरणार नाही!"

नवी मंडळी रांगेने उभी राहिली. एल्डनच्या अगदी शेजारी दातांचे डॉक्टर मर्ल कॅगल होते, कोरी करकरीत बंदूक घेऊन. रांगेच्या टोकाला लाल रुमाल बांधलेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी माप घेतले नाही. बंदुकीवर हात ठेवून त्या नुसत्या एल्डनकडे टक लावून बघत होत्या.

इतके लोक त्याने वाचनालयात सबंध वर्षातही एकत्र पाहिले नव्हते. डोक्यातले सगळे ग्रंथकार एकाच वेळी बोलू लागले. पण हात शहाणे होते. हातांनी त्याला बाजूला सारून काम आपल्याकडे घेतले.

"दारू," एल्डन म्हणाला, आणि रिकामे माप नळीवर उपडे करून त्याने झोकात टिचकी मारली.

रांगेतून टिचक्यांचा आवाज आला.

"अहो मिस्टर क्रॅब्ट्री," डॉक्टर कॅगल हळूच म्हणाले, "माझ्या मापात काही दिसलं नाही हो."

"गप रे मर्ल," मागून कोणीतरी म्हणाले. "लेखकापेक्षा तुला जास्त कळतं का? बारीक असते ती. दिसत नाही."

"चिंधी," एल्डन म्हणाला. "गोळी. गज." गज सरसर आत गेला. रांगेतले सगळे गज सरसर आत गेले. "टोपी. नेम." सवयीने त्याची नजर फ्रीज शोधू लागली. तो नव्हता, तेव्हा त्याने फळीवर नेम धरला.

"पहिला बार!" डॉयल ओरडला. लुएलाने बहिणीचा हात घट्ट धरला. एल्डनने चाप ओढला.

फट्.

फक्त टोपी फुटली. क्षणभराने रांगेतही फट्, फट्, फट् सुरू झाले आणि टोकापर्यंत जाऊन थांबले. धूर नाही, धडाका नाही. माळावर असा शुकशुकाट पसरला की कढईतला घेवडा खदखदताना ऐकू येत होता.

एल्डनने कमरेला लटकलेल्या दारूच्या शिंगाकडे पाहिले. ते काठोकाठ भरलेले होते. त्याचे बूच सकाळपासून निघालेच नव्हते.

"एल्डन," डॉयल जवळ येऊन म्हणाला, "दारू कुठाय?"

"शिंगात."

"सगळी?"

"सगळी."

डॉयलने रांगेकडे बघितले. "आणि यांची?"

"त्यांनी," एल्डन म्हणाला, "मी केलं तसं केलं."

हसणे आधी जुन्या सभासदांच्या बाकांवरून सुरू झाले आणि मग कढईपर्यंत पसरले. एल्डन बंदुकीच्या आडोशाला उभा राहता येते का ते पाहत होता. बंदूक लांब होती, पण रुंद नव्हती. तेवढ्यात लाल रुमालवाल्या बाई रांग सोडून पुढे आल्या. हसणारे आपोआप बाजूला झाले, कारण त्या अजिबात हसत नव्हत्या.

"मी झेल्फा हॅटमेकर," त्या म्हणाल्या. "पान नऊ."

"तुमचं पत्र मला मिळालं," एल्डन म्हणाला.

"मिळालं असणारच. परत आलं नाही ना. या बंदुकीत जानेवारीपासून गोळी अडकलीय. माझे दीर म्हणत होते, बाईमाणसाला ही बंदूक जमायची नाही. मी म्हटलं, पुस्तक आणते नि एकटी शिकते. आणि पुस्तकात लिहिलेलं, ही चूक कोणाच्या हातून होणंच शक्य नाही. मग मी कोणाला विचारणार होते हो? तेव्हापासून बंदूक पलंगाखाली दडवून ठेवलीय. मला वाटायचं, सबंध टेनेसीत एवढी मूर्ख मी एकटीच."

एल्डनला स्वतःच्या फजितीचा विसर पडला. एका ओळीने एवढे केले असेल असे त्याला वाटले नव्हते. ती ओळ तर त्याने वाक्याचा तोल साधावा म्हणून घातली होती.

"चार उपाय आहेत," तो म्हणाला. "सगळे वाचलेत मी."

"त्यातला चांगला कुठला?"

"तेच माहीत नाही. म्हणून तर लिहिलं नाही."

"मग करून बघ की," डॉयल म्हणाला. त्याने डोळे पुसत रांगेकडे हात केला. "आज तुला बंदुकांचा तुटवडा नाही!"

पहिला उपाय एल्डनने आपल्याच बंदुकीवर करायचे ठरवले. टोपी बसते ती बारीक नळी त्याने पान्याने काढली, भोकातून चिमूटभर दारू सारली. कमी पडेल म्हणून आणखी चिमूटभर. पुन्हा कमी पडेल म्हणून आणखी. त्याच्या स्वभावात शंका फार. मग ती बारीक नळी परत बसवली. ग्रंथकाराची सूचना त्याला पाठ होती : गोळी वर सरकली असल्यास गजाने पुन्हा तळाशी ठासावी. त्याने ठासली. टोपी चढवली, सगळ्यांना मागे सरायला सांगितले, बांधाकडे नेम धरला. गज नळीतून काढावा असे ग्रंथकाराने वेगळे सांगितले नव्हते. त्यालाही बहुधा ते संभवत नाही असे वाटले असावे.

"एल्डन, तुझा गज..." डॉयल म्हणाला.

धडाड्!

पांढऱ्या धुराचा लोट उठला. धूर विरत गेला तसे लोकांना दिसले की एल्डन उभा आहे, बंदूक शाबूत आहे, निशाणाची फळी कोरी आहे, आणि ओकच्या फांदीला टांगलेला हॅम झोके घेतो आहे. त्याच्या आरपार एल्डनचा गज गेलेला होता, शेगडीवर भाजायला लावावा तसा नीट मधोमध.

"लागला!" लुएलाची बहीण ओरडली. तिला नियम माहीत नव्हते.

डॉयल हॅमपर्यंत चालत गेला, भोवती एक फेरी मारून परत आला आणि एल्डनच्या कानाशी आला. कान वाजत असल्याने त्याला दोनदा विचारावे लागले.

"एल्डन, खरं सांग. तू याआधी कधी बंदूक उडवलीयस?"

एल्डनने नाही अशी मान हलवली.

"आम्हाला माहीतच होतं," डॉयल म्हणाला.

"काय?"

"अरे, सबंध पुस्तकात एकसुद्धा हरीण नाही! ज्याने एकदा जरी बार काढलाय त्याला हरणाशिवाय चार ओळी लिहिता येतात का? म्हणून तर तुझ्याकडे आलो. शिकवायला असाच माणूस पाहिजे होता, ज्याला सांगण्यासारखं स्वतःचं काही नाही."

"मग पहिला बार मला का दिलात?"

"तू कधीतरी उडवावीस म्हणून. नुसतं ये म्हटलं असतं तर आला असतास?"

एल्डनने विचार केला. आला नसता.

मग दुपारभर बाकीच्या बंदुका मोकळ्या करण्याचे काम चालले. हवेने एक गोळी अशी सुटली की पावाच्या चळतीत जाऊन बसली. ग्रीसने गोळी आली, पण ग्रीस ती आल्यावरही येतच राहिले. मिसेस हॅटमेकरची गोळी मात्र कशालाच दाद देईना. शेवटी गजाला स्क्रू लावून बंदुकीचा दस्ता त्यांनी धरला आणि गज एल्डनने.

"असं सरळ नका ओढू," डॉक्टर कॅगल बाह्या सरसावत म्हणाले. "थोडं हलवायचं, मग ओढायचं. आणि दुखणार नाही असं तिला सांगत राहायचं." त्यांनीही गजाला हात घातला.

गोळी सुटली तेव्हा तिघेही गवतात बसले होते. मिसेस हॅटमेकरनी ती उचलून रुमालाने पुसली आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवली.

आता प्रश्न माळेचा आला. दारू न घालता गोळी, म्हणजे कोरडी गोळी, ठासणाऱ्याने क्लबची माळ गळ्यात घालायची आणि दुसऱ्या कोणाच्या हातून तीच चूक होईपर्यंत सांभाळायची, हा क्लबचा जुना रिवाज. बाहेर काढलेली गोळीही तिच्यात ओवायची. डॉयलने खोक्यातून माळ काढली ती काढतच राहिला. तिच्यात शिशाच्या इतक्या गोळ्या होत्या की मिसेस हॅटमेकर थक्क झाल्या.

"या कोणाच्या?"

"सगळ्यांच्या," डॉयल म्हणाला. "ही माझी. हीसुद्धा माझी. ही पाद्रीसाहेबांची. ही शेरीफची, पण तो कबूल करत नाही."

"आणि हे कोणी पुस्तकात लिहिलं नाही!"

"आम्ही लिहायला बसलो तेव्हा हरणाबद्दल लिहिलं," डॉयल म्हणाला. "घे, एल्डन. यंदा माळ तुझी. तुझ्यामुळे एवढे जण बुडाले."

"थांबा," मिसेस हॅटमेकर म्हणाल्या. "यांची चूक आज सकाळची. माझी जानेवारीतली. माळ माझी." आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी ती गळ्यात घातली, रुमाल सारखा केला आणि गर्दीत उभ्या असलेल्या दिरांकडे मान वर करून बघितले. कोण्या राणीनेही हार इतक्या ऐटीत घातला नसेल.

एल्डन त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेला.

"मिसेस हॅटमेकर, तुमच्या पत्राचं उत्तर मी आता..."

"तोंडी नको," त्या म्हणाल्या. "मी तिकीट लावून पाठवलं होतं. तुम्हीही तसंच पाठवा."

हॅम एल्डनच्याच घरी आला. भोक पडलेले बक्षीस दुसऱ्याला कसे द्यायचे, असे डॉयलचे म्हणणे पडले. गज आणि हॅम दोन्ही सापडले, पण एल्डनची गोळी बांधावर शोधूनही मिळाली नव्हती. रविवारी जेवताना लुएलाच्या बहिणीच्या दाताखाली काहीतरी कडक आले. तिला लगेच डॉक्टर कॅगलकडे न्यावे लागले. त्यांनी दात तपासला आणि गोळी धुऊन, कागदात गुंडाळून एल्डनकडे परत पाठवली.

त्या संध्याकाळी एल्डन लिहायला बसला. या वेळी त्याने मसुदा फाडला नाही.

"प्रिय मिसेस हॅटमेकर, पान नऊवरची ती ओळ पुढच्या आवृत्तीत गाळत आहे. तिच्या जागी आता तीन पानं येतील. भोकातून दारू सारण्याचा उपाय चांगला आहे, पण गज काढून घ्यावा. हरणाचा मजकूर नाही. सोबतची गोळी माझी आहे. तुमच्या माळेत ओवावी, शक्य झाल्यास तुमच्या गोळीशेजारी. उत्तराला उशीर झाला. आपला, एल्डन क्रॅब्ट्री."

सोमवारी सकाळी तो टपाल कचेरीत गेला. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट हातात घेतले, त्याच्या मधोमध आलेले टेंगूळ बोटाने चाचपले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

"आत काय आहे, मिस्टर क्रॅब्ट्री?"

"उत्तर," एल्डन म्हणाला.

"हे गोल लागतंय ते?"

"बंदुकीची गोळी."

बाईंनी पाकीट पटकन खाली ठेवले. "धोका नाही ना काही?"

एल्डनने त्याच्या सवयीप्रमाणे सगळ्या बाजूंनी विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "दारू घालायची राहिलीय."